मामाचा होकार

बिझवेक नाझोम्बे हा दोन गावांचा माणूस होता. चिकोम्वे या बायकोच्या गावात त्याला कुणी विचारत नसे आणि नामिसोंगा या बहिणीच्या गावात त्याच्या शब्दावाचून पान हलत नसे. मुलांजे डोंगराच्या पायथ्याला फालोम्बेचं जे सपाट मैदान आहे, तिथला लग्न झालेला प्रत्येक गडी असाच दोन्हीकडे वाटला गेलेला असतो. लग्न झालं की घरजावई होऊन बायकोच्या गावी जायचं, तिथे घर बांधायचं, शेत कसायचं, आणि मुलं झाली की ती बायकोच्या कुळाची. सासुरवाडीच्या बैठकीत त्याने तोंड उघडलं की मेहुणे एकमेकांकडे बघून हसतात. 'उसना कोंबडा' म्हणतात त्याला, आणि तोंडावर म्हणतात. पण त्याच गड्याच्या बहिणी, बहिणींच्या मुली, त्या मुलींची लेकरं ही सगळी त्याच्या जबाबदारीची. त्यांच्या लग्नाला, भांडणाला, आजारपणाला आणि मरणाला मामा लागतो. मामाने हो म्हटलं की हो.

बिझवेक आधी बाजारच्या चौकात काबाझा चालवायचा, म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून माणसं वाहायचा. पाय लांब, दम मोठा, डोकं तापट. गिऱ्हाईक जड निघालं तर चढावर "उतरा खाली, मी काय गाढव आहे?" असं ऐकवायलाही तो कमी करत नसे. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण तो कधी कुणाला पाडत नसे. म्हणून गावांना ती गाडी मिळाली तेव्हा ओढायला त्याचंच नाव निघालं.

गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा. त्याला सायकलचीच दोन चाकं, वर माणूस आडवा झोपेल एवढी ताडपत्रीची बाज, ऊन-पावसासाठी कमानीवर ताणलेलं कापड, आणि सायकलच्या सीटखाली अडकवायचा आकडा. जिल्ह्याला मोटारीची रुग्णवाहिका होती एकच. ती निम्मा वेळ गॅरेजात असायची आणि उरलेला निम्मा वेळ डिझेलची वाट बघत उभी असायची. तेव्हा गावातला लोहार दुरुस्त करू शकेल आणि आंब्याखाली बसून पंक्चर काढता येईल अशी गाडी गावांना द्यावी, असा शहरातल्या एका संस्थेचा विचार होता. विचार चांगलाच होता, कुणी काही म्हणो. गावांनी समिती केली, सुगीला घराघरातून मका गोळा करून टायर-ट्यूबची सोय लावली. संस्थेची माणसं येऊन रस्ता मोजून गेली, ओढ्यावरच्या सडलेल्या फळ्या त्यांनी बदलून घेतल्या. अडलेली बाई दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल याचा त्यांनी हिशेब मांडला. त्या हिशेबात रस्ता होता, चढ होता, चिखल होता. मामा नव्हता. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आम्हाला तरी तो कुठे दिसत होता?

पहिल्या पावसाळ्यात गाडीने बिझवेकला रडवलं. उतारावर ती मागून ढकलायची, वळणावर कोलमडायची, आकडा निसटायचा. एकदा तर एक म्हातारा बाजेसकट बांधावर उतरला आणि तिथूनच त्याने बिझवेकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बिझवेकने आकड्याभोवती जुन्या टायरची पट्टी आवळली, बाज थोडी पुढे सरकवून घेतली आणि उतारावर मागे दोर धरून चालायला पेशंटच्या घरचा एक माणूस घ्यायचा असा नियमच केला. वर्षभरात रस्त्याची भीती गेली. ओढ्याच्या अलीकडून घंटी वाजवली की समोरून येणारे सायकलवाले आपण होऊन खाली उतरून उभे राहायचे. त्याचा त्याला अभिमान होता.

रस्ता ताब्यात आला, पण अंगण काही ताब्यात येईना. निरोप आला की बिझवेक सुटायचा, घामाघूम होऊन दारात पोचायचा. आत पोरगी कण्हत असायची आणि बाहेर तिची आई त्याच्यापुढे चटई टाकायची.

"बस बाबा. तिचा मामा आला की निघू."

"मामा कुठे आहे?"

"चिल्वा तळ्यावर गेलाय, मासळीला. माणूस पाठवलाय."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तो कशाला नाही म्हणेल?"

"मग निघू या की, आई!"

"असं कसं? त्याला न विचारता? उद्या तिकडे काही बरंवाईट झालं तर उत्तर कोण देणार? तू?"

तो चटईवर बसायचा, चाकाच्या तारा उगाच चाचपायचा. मामा कुणाचा तळ्यावर, कुणाचा चहाच्या मळ्यावर, कुणाचा नुसताच आपल्या बायकोच्या गावी छप्पर शाकारत बसलेला. कधी सूर्य डोक्यावर यायचा, कधी कलायचा. मग धापा टाकत मामा यायचा, पोरीकडे एक नजर टाकून म्हणायचा, "न्या." एवढंच. इतक्या अंगणांत बिझवेक बसला, पण कुठल्याच मामाने कधी नाही म्हटलं नव्हतं. होकार असायचाच, फक्त तो त्या एका तोंडातून यावा लागायचा. काही पोरी तोवर टिकायच्या आणि काही टिकायच्या नाहीत.

असा दिवस गेला की घरी येऊन तो ताटावर बसूनही धुसफुसायचा. "या मामांना एका दोरीत बांधून ओढ्यात सोडलं पाहिजे."

त्याची बायको एलुबी मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा वाढता वाढता म्हणायची, "माझ्या भावाला धरून बोलताय का?"

"सगळ्यांना धरून."

"सगळ्यांत तुम्हीही आलात. तुमच्या एनेलेसीने तुम्हाला न विचारता काही केलं तेव्हा काय झालं होतं, आठवतंय ना?"

"ती गोष्ट वेगळी."

"कशी काय वेगळी?"

"मी समजूतदार आहे," बिझवेक म्हणायचा, आणि एलुबी हसून तुरीच्या दाण्यांचं कालवण पुढे सरकवायची.

गोष्ट अशी झाली होती. एनेलेसी ही बिझवेकची धाकटी बहीण, नामिसोंगात राहणारी. तिची मुलगी फालेसी बाजारात मांदासी तळून विकायची, गोड पिठाचे ते तळलेले गोळे. पोरगी बोलायला तिखट, हसायला मोकळी. मामावर तिचा भारी जीव आणि मामाचाही तिच्यावर. फालेसीच्या पहिल्या बाळंतपणाला कळा अचानक सुरू झाल्या, आणि एनेलेसीने शेजारच्या काबाझावाल्याला हाक मारून लेकीला सरळ दवाखान्यात नेलं. तिथे मूल आडवं निघालं, सिझर करावं लागलं. पोरगी वाचली, मूलही वाचलं. बिझवेकला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तेही बाजारात, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून.

तो नामिसोंगाला गेला तो तोंड पाडून. एनेलेसीने कोंबडी कापली होती. त्याने ताटाला हात लावला नाही.

"दादा, वेळ कुठे होता रे? पोरगी तळमळत होती."

"वेळ नव्हता. बरोबर आहे," तो म्हणाला. "बायकोच्या गावात मी उसना कोंबडा आहेच. आता इथेही तेच करा. दारात बांधून ठेवा, दाणे टाका."

एवढं बोलून तो न जेवता निघून गेला. कित्येक आठवडे फिरकला नाही. शेवटी एनेलेसी चिकोम्वेला आली, दारात गुडघे टेकून बसली आणि चारचौघांदेखत म्हणाली, "चुकले दादा. पुन्हा तुझ्या शब्दाशिवाय काही करायची नाही." तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैल झाला. मेहुणे बघत होते. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि ते त्याला मनापासून आवडलं. माणसाला कुठेतरी मान लागतो. सगळीकडे मान गिळून जगणाऱ्याला तर जरा जास्तच लागतो.

मग फालेसीला पुन्हा दिवस राहिले. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईने बजावून सांगितलं होतं, की हिच्या पोटावर टाके आहेत, हिने घरी कळा द्यायच्या नाहीत, नववा लागला की दवाखान्यामागच्या पडवीत येऊन राहायचं. अशा बायकांसाठी तिथे चुली मांडलेल्या होत्या. हे बिझवेकला पक्कं माहीत होतं. कळांनी आतले टाके उसवलेली एक बाई त्याने गाडीतून नेली होती. दवाखान्याच्या दारात तिच्यावर चादर ओढताना त्याने पाहिलं होतं. म्हणून त्याने ठरवलं, की फालेसीला आपणच नेऊन सोडायचं. दुसऱ्याच्या कॅरिअरवर ताटकळत नाही, मामाच्या गाडीतून, ऐसपैस झोपवून.

"गादी घालणार असाल तर येईन," फालेसी म्हणाली. "ताडपत्रीवर मी नाही झोपायची. राणी आहे मी."

"गादी घालतो, वर छत्री धरायला तुझा नवरा घेतो."

"तो छत्री धरेल? त्याला स्वतःची टोपी सांभाळता येत नाही!" फालेसीचा नवरा लाझारो तिथेच शेंगा सोलत बसला होता. तोही हसला. दुसरं काय करणार? घरजावईच तो.

निघताना बिझवेकने बहिणीला पुन्हा सांगितलं, "मी येऊन नेतो. मी आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मागच्यासारखं नको."

"नाही रे दादा," एनेलेसी म्हणाली.

नववा लागला. पहिल्या आठवड्यात चिकोम्वेत एक मयत झाली. घरजावयाने गावच्या मयतीला पाठ फिरवली तर त्याचं घर पेटायचं बाकी राहतं, म्हणून तो थांबला. दुसऱ्या आठवड्यात गाडीचा आस वाकला. लोहार लग्नाला गेला होता. एनेलेसीचा निरोप आला, की पोरीचे पाय सुजलेत, कधी येतोस? बिझवेकने उलट निरोप धाडला, की सोमवारी नक्की. लाझारो पुढे सायकलवरून तिला नेऊन सोडू शकला असता. पडवीत जाऊन नुसतं बसायचं तर होतं. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असेल तर कुणी बोललं नाही.

रविवारी सकाळी मालोपा गावचा निरोप आला. एका पोरीला रक्त जातंय, थांबत नाही. आस आदल्याच दिवशी सरळ झाला होता. बिझवेकने गाडी जोडली आणि निघाला.

मालोपात नेहमीचंच. चटई, कण्हणं आणि मामा बाजारात, तुरीचं पोतं घेऊन गेलेला. बिझवेक बसला, उठला, पुन्हा बसला. आतून एक बाई लाल झालेलं कापड घेऊन आली आणि परसात गेली. तेव्हा त्याचा तोल सुटला.

"तुमचा मामा तूर विकतोय आणि इथे पोरगी संपत चाललीय! लाज कशी वाटत नाही? तो काय देव आहे? त्याच्या तोंडातून एक शब्द पडायचा, म्हणून ही मरायची?"

पोरीच्या आईने डोळ्याला फडक्याचं टोक लावलं. "ओरडू नकोस रे बाबा. आम्हाला काय हौस आहे?"

मामा आला तेव्हा ऊन तापलं होतं. त्याने सायकल टाकली आणि तो किंचाळलाच, "अरे, न्यायचं ना! माझ्यासाठी कशाला थांबलात?" सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. पोरीला बाजेवर ठेवली, दोर धरायला मामाच आला, आणि बिझवेकने त्या दिवशी गाडी अशी पळवली की ओढ्यावरच्या फळ्या नुसत्या धडधडल्या. नर्सने पोरीला आत घेतलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन ती म्हणाली, "वाचेल. अजून थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती."

मालोपाच्या मामाने आनंदाने त्याला फाटकाशी थोब्वा पाजला, मक्याचं ते गोडसर आंबवलेलं पेय. बिझवेकने त्याला भरपूर सुनावून घेतलं. "यापुढे घरच्यांना सांगून ठेव. थांबू नका म्हणावं." मामाने कानाला हात लावला. बिझवेकला बरं वाटलं. रिकामी गाडी घेऊन तो रमतगमत परत निघाला.

ओढ्यापाशी समोरून लाझारो येताना दिसला. अंगात सदरा नव्हता, सायकलला घंटी नव्हती, डोक्यावर टोपी नव्हती. तो उतरला आणि गुडघ्यांवर बसला.

"मामा, चिकोम्वेला गेलो होतो. तुम्ही नव्हता. मालोपाला गेलो. तुम्ही तिथून निघाला होता."

"काय झालं?"

"फालेसीला पहाटेपासून कळा येतायत."

बिझवेकला आधी काही समजलंच नाही. त्याने वर सूर्याकडे बघितलं. "पहाटेपासून? मग मला कशाला शोधतोस मूर्खा? तिला न्यायचं ना! तुझ्याकडे सायकल आहे ना?"

लाझारोने वर बघितलं. तो रडत होता. "तुम्हाला विचारल्याशिवाय?"

सकाळी दुसऱ्याच्या अंगणात जे ओरडला होता, ते सगळं बिझवेकला आठवलं. तो सायकलवर बसला. लाझारो पुढे, तो मागे. रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यातून उडत होती. मैलभर जाईपर्यंत त्याला एकच वाटत होतं, की कुणीतरी हुकूम मोडला असावा. कुणा शेजारणीला राग आला असावा, तिने एनेलेसीला शिव्या घालून पोरीला कुणाच्या तरी कॅरिअरवर चढवलं असावं. समोरून कुणी येताना दिसलं की तो निरखून बघायचा. भाची समोरून यावी, आणि बायका तिला आपल्याला न विचारता घेऊन चाललेल्या असाव्यात, एवढं एकच मागणं त्याने त्या रस्त्यावर देवाकडे मागितलं.

नामिसोंगाच्या अंगणात सगळी तयारी होती. बादली, प्लास्टिकचा तुकडा, नाळ कापायला नवं पातं, बाळाला गुंडाळायची धुतलेली कापडं, पिठाची पुरचुंडी, सगळं एका जागी बांधून ठेवलेलं. शेजारचा काबाझावाला सायकल टेकवून सकाळपासून उभा होता. बायका भिंतीशी ओळीने बसल्या होत्या, प्रवासाला निघाल्यासारख्या डोक्याला फडकी बांधून. त्याला बघून सगळ्या एकदम उठल्या. एनेलेसी धावत पुढे आली आणि त्याच्यापुढे बसली.

"आलास दादा! आम्ही काही केलं नाही बरं का. तुझीच वाट बघत होतो."

"कशी आहे?"

"आता जरा बरी आहे. दुखणं थांबलंय मघाशी. शांत पडलीये."

दुखणं असं थांबतं म्हणजे काय होतं, ते बिझवेकने टाके उसवलेल्या त्या बाईच्या वेळी पाहिलं होतं. तो आत गेला. फालेसी चटईवर पडली होती, तोंडावर घाम, ओठ राखेसारखे. पोटाचा आकार बदललेला त्यालाही कळला.

"मामा," ती म्हणाली, "आलात?"

"आलो गं बाई. चल."

"गादी आणलीत का?"

त्याने गादी आणली नव्हती. एनेलेसीने घरातल्या सगळ्या चटया गाडीत अंथरल्या. बायकांनी पोरीला उचलली. लाझारो मागे दोर धरून पळत होता, एनेलेसी बादली डोक्यावर घेऊन मागोमाग. बिझवेकने आयुष्यात इतक्या जोरात आणि इतक्या जपून कधी सायकल मारली नसेल. घंटी वाजवायला हात मोकळा नव्हता, तरी समोरचे लोक उतरून उभे राहत होते. मध्ये एकदा फालेसी काहीतरी म्हणाली. त्याने मान वळवून विचारलं, "काय गं?" पण ती पाणी मागत होती की आईला हाक मारत होती, ते चाकांच्या आवाजात कळलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा ती बोलली नाही.

ओढा ओलांडल्यावर लाझारोने दोर सोडला. गाडी हलकी लागली म्हणून बिझवेकने मागे बघितलं. लाझारो रस्त्यात उभा होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

गाडीतून मयत न्यायची नाही असा समितीचा नियम होता. एकदा मयत नेली की त्या गाडीत पुन्हा कुणी झोपणार नाही, म्हणून. त्या दिवशी बिझवेकने गाडी वळवली आणि भाचीला तीतूनच घरी आणलं. त्याला कुणी हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी माती होती. आसपासची सगळी गावं लोटली. बाया घरात फालेसीभोवती दाटीने बसून गात होत्या, पुरुष बाहेर आंब्याखाली ओंडक्यांवर. एलुबी आली होती, तिचे भाऊही आले होते. मालोपाचा तो मामासुद्धा आला होता, हातात मक्याच्या पिठाची पिशवी घेऊन. त्याची भाची वाचली होती.

आमच्याकडे माती देण्याआधी दुखण्याची हकिकत सांगायची असते. कधी सुरू झालं, कुणाला कळवलं, काय काय उपाय केले, हे सगळं गर्दीसमोर उभं राहून सांगायचं, म्हणजे मागे कुणाच्या मनात किंतू राहत नाही. आणि ते सांगायचं मामाने. बिझवेक उभा राहिला. रात्रभर त्याने ठरवलं होतं, की काही लपवायचं नाही.

"पहाटे कळा सुरू झाल्या," तो म्हणाला. "डॉक्टरने सांगितलं होतं, हिला घरी ठेवू नका. घरच्यांना माहीत होतं. सायकल दारात होती. सामान बांधलेलं होतं. दवाखाना आहे त्याच जागी होता. तरी कुणी तिला हलवलं नाही. मी सांगून ठेवलं होतं, माझ्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. म्हणून ते थांबले. मी दुसऱ्याची पोरगी घेऊन गेलो होतो. ऊन उतरेपर्यंत ते थांबले. ती वाट बघत मेली. माझी वाट बघत मेली."

त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी शिवी देईल, निदान लाझारो तरी. लाझारो खाली मान घालून गवताची काडी मोडत होता.

उठला तो नामिसोंगाचा म्हातारा गावप्रमुख, काठीचा आधार घेत. त्याने टोपी काढली, घसा साफ केला.

"ऐकलंत सगळ्यांनी?" तो म्हणाला. "पोरगी गेली, ते देवाच्या हातात. पण या घराची रीत बघा. एवढा कठीण प्रसंग, तरी मोठ्या माणसाला डावलून कुणी एक पाऊल पुढे टाकलं नाही. हल्ली कुठे राहिलंय असं? पोरं आपल्या मनाने निघतात, आपल्या मनाने जातात. एनेलेसीने भावाचा मान राखला. तिच्याकडून शिका."

ओंडक्यांवरचे लोक माना डोलवू लागले. आदराने वाजवतात तशा हळू टाळ्या वाजल्या, तळव्यावर तळवा, एका लयीत. त्यात बिझवेकचे मेहुणेही होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्यासाठी हात जोडून वाजवले.

"मान नको!" बिझवेक ओरडला. "अरे, मी मारलं तिला! कळत कसं नाही तुम्हाला? मी मारलं!"

दोघा-तिघांनी उठून त्याला धरलं, ओंडक्यावर बसवलं. "मामाचं काळीज आहे," कुणीतरी कळवळून म्हणालं. "दुःखात माणूस काहीही बोलतो." मालोपाचा मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बिझवेकला तो हात झटकून टाकायचा होता, पण हात उचलेना.

घरातलं गाणं थांबलं. एनेलेसी बाहेर आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. गर्दीतून वाट काढत ती त्याच्यापाशी आली, आणि मोठ्या भावापुढे बसतात तशी गुडघ्यांवर बसली.

"दादा," ती म्हणाली, "खड्डा झालाय. सगळे थांबलेत. तू हो म्हटलंस की तिला उचलतील."